कलम ९ मधली दोन वाक्ये : जर्मनीतील दिव्यांगांचे कायम वास्तव्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीत नोकरीसाठी जाण्याविषयी मराठी वर्तमानपत्रांतून हल्ली बरेच छापून येते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर ‘पाच वर्षांनी पीआर’ (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना) हे शब्द अनेक घरांत रुळले आहेत. या मजकुरातल्या अटी ठरलेल्या असतात : पाच वर्षांचे वास्तव्य, बी-वन पातळीचे (रोजचे व्यवहार जमतील इतपत) जर्मन, पेन्शन विम्याचे ६० महिने, स्वतःच्या कमाईवर चालणारे घर. अटी बरोबरच आहेत. पण त्याच कलमात, त्याच यादीच्या खाली, आजारी आणि दिव्यांग माणसांसाठी दोन वाक्ये आहेत. ती मराठीत छापलेली आम्हाला तरी आढळलेली नाहीत. त्यामुळे पक्षाघाताने वाचा गेलेली पत्नी, बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा, दीर्घ मनोविकाराने काम सुटलेला भाऊ यांच्यासाठी घरचे लोक अर्जच करत नाहीत. ‘त्यांना कुठली परीक्षा जमणार’ असे म्हणून तात्पुरता परवाना वर्षानुवर्षे वाढवून घेत राहतात. असा परवाना बहुतेकदा जोडीदाराच्या किंवा पालकाच्या वास्तव्यावर टांगलेला असतो. कमावत्या माणसाचे काही बरेवाईट झाले, तर पहिली झळ याच व्यक्तीला बसते.

कायम वास्तव्याच्या जर्मन परवान्याला ‘नीडरलासुंग्स-एरलाउबनिस’ म्हणतात. तो वास्तव्य कायद्याच्या कलम ९ खाली मिळतो. उपकलम २ मध्ये नऊ अटी क्रमाने दिल्या आहेत. सातवी जर्मन भाषेची आणि आठवी तिथला कायदा व समाज यांच्या प्राथमिक माहितीची. त्यानंतरचे वाक्य ३ असे सांगते की शारीरिक, बौद्धिक किंवा मानसिक आजारामुळे वा अपंगत्वामुळे या अटी पूर्ण करता येत नसतील, तर त्या लावल्या जात नाहीत. वाक्य ६ हीच सूट अट क्रमांक २ आणि ३ ला, म्हणजे उदरनिर्वाह आणि पेन्शनच्या ६० महिन्यांना लागू करते. या दोन्ही वाक्यांतले क्रियापद नीट पाहावे. मूळ शब्द ‘विर्ड आबगेझेएन’ असे आहेत, म्हणजे अट वगळली जाते. मधल्या वाक्य ४ मध्ये हालअपेष्टा टाळण्यासाठी भाषेची अट वगळण्याची सोय आहे आणि तिथे शब्द ‘कान’ आहे, म्हणजे वगळता येईल. तिथे अधिकाऱ्याची मर्जी चालते. वाक्य ३ आणि ६ मध्ये ती चालत नाही. कारण सिद्ध झाले की सूट द्यावीच लागते. अर्ज करताना, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात खिडकीवर बोलताना आणि नकार आल्यास तक्रार लिहिताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

पाच वर्षांच्या वास्तव्याला मात्र ही सूट नाही. सार्वजनिक सुरक्षेच्या अटीलाही नाही आणि राहत्या जागेलाही नाही. जागेचा सर्वसाधारण हिशेब सहा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलामागे १० आणि दोन वर्षांखालील बाळ मोजायचे नाही, असा आहे.

सगळे अडते ते ‘कारण सिद्ध झाले’ या ठिकाणी. बहुतेक जण अर्जाला अपंगत्वाचे कार्ड जोडतात आणि काम झाले असे समजतात. जर्मनीत हे कार्ड फेरझोर्गुंग्सआम्ट किंवा त्या राज्यातले तत्सम कार्यालय देते. या कार्यालयाने ठरवलेला अपंगत्वाच्या तीव्रतेचा आकडा, ज्याला तिथे जीडीबी म्हणतात, २० पासून १०० पर्यंत दहाच्या टप्प्याने असतो आणि ५० पासून पुढे गंभीर अपंगत्व धरले जाते. हे टक्के नव्हेत. आपल्याकडच्या यूडीआयडी कार्डावरच्या ४० टक्क्यांशी त्याची तुलना होत नाही आणि यूडीआयडी दाखवून तिथे जीडीबी मिळत नाही. मुख्य अडचण अशी की पाय गमावलेल्या माणसाचा जीडीबी ७० असू शकतो आणि तो जर्मन उत्तम शिकू शकतो. उलट ज्याची स्मरणशक्ती मेंदूच्या इजेने गेली आहे, त्याच्या कार्डावरून भाषेबद्दल काहीच कळत नाही. अपंगत्व आहे हे कार्ड सांगते. पण त्या अपंगत्वामुळे नेमकी कोणती अट का पूर्ण होत नाही, हे ते सांगत नाही. कायद्याला हा दुवा हवा असतो आणि कलम ८२ नुसार तो मांडण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

हा दुवा डॉक्टरांच्या पत्रात असावा लागतो, आणि इथेच सर्वाधिक अर्ज फसतात. ‘रुग्ण आजारी असून सध्या भाषेची परीक्षा देऊ शकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा काही उपयोग होत नाही. ‘सध्या’ म्हटले की अधिकारी सहा महिन्यांनी या म्हणतो, आणि त्याचे चूक नसते. पक्षाघातानंतरच्या वाचाघाताचे उदाहरण घेऊ. उपयोगी पत्रात निदान आणि त्याचा आयसीडी क्रमांक (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) असतो, झटका कधी आला ते असते, वाचा-उपचार किती महिने चालले आणि त्यातून काय साधले ते असते. मग लिहिलेले असते की रुग्णाला मातृभाषेतही नेहमीच्या वस्तूंची नावे आठवत नाहीत, तीन-चार शब्दांपलीकडचे वाक्य जुळवता येत नाही, ऐकलेली लांब सूचना धरून ठेवता येत नाही. त्यामुळे नवी भाषा बी-वन पातळीपर्यंत शिकणे जादा वेळ किंवा साधने देऊनही शक्य नाही, आणि नजीकच्या काळात सुधारणा अपेक्षित नाही. शेवटी तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचे विशेषज्ञत्व. ‘मातृभाषेतही’ हा शब्द अशा पत्राचा कणा आहे, कारण भाषा शिकण्याचा कंटाळा आणि भाषेचे केंद्रच दुखावलेले असणे यांतला फरक तो एका दमात दाखवतो.

पत्र त्या त्या विषयाच्या डॉक्टरांचे हवे. मनोविकारासाठी मनोविकारतज्ज्ञ, मेंदूसाठी न्यूरॉलॉजिस्ट, सोबत वाचा-उपचारतज्ज्ञाचा अहवाल, बौद्धिक अपंगत्वासाठी चाचण्यांच्या निकालांसह मानसशास्त्रीय अहवाल. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी पूरक म्हणून ठीक, पण तिच्यावरच अर्ज उभा करू नये. भारतातली जुनी कागदपत्रे आजार कधीपासून आहे हे दाखवायला फार मोलाची ठरतात. ती शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्यावीत आणि तिथल्या डॉक्टरांनाही दाखवावीत, म्हणजे नव्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. भाषेच्या वर्गात बसून पाहिले असेल, तर हजेरीचे तास आणि नापास झालेल्या परीक्षांचे निकाल लपवू नका, जोडा. प्रयत्न केला आणि जमले नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. डॉक्टरांना वाढवून लिहायला मात्र सांगू नये. कार्यालयाला शंका आली तर ते सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांकडून तपासणी मागू शकते, आणि दोन पत्रांत तफावत निघाली की सगळ्याच अर्जावरचा विश्वास उडतो.

डॉक्टरांना परीक्षेचे स्वरूपही माहीत नसते. ते त्यांना लिहून द्यावे. स्थलांतरितांसाठीच्या नेहमीच्या परीक्षेत ऐकणे २५ मिनिटे, वाचणे ४५, लिहिणे ३० आणि बोलणे सुमारे १६ मिनिटे असते. बी-वन मिळायला बोलण्यात बी-वन लागतेच, शिवाय ऐकणे-वाचणे हा एक गट किंवा लेखन यांपैकी एकात लागते. याचा अर्थ हात लुळा असलेल्या किंवा लेखनदोष असलेल्या माणसाला लेखनात कमी पडूनही बी-वन मिळू शकते. म्हणून ‘लिहिता येत नाही’ एवढ्यावर सूट मागितली तर अधिकारी परीक्षेकडे बोट दाखवेल. त्या माणसाने जादा वेळ, मोठी अक्षरे, संगणक अशा सवलती आधी मागाव्यात. त्याला तिथे ‘नाखटाइल्स-आउसग्लाइख’ म्हणतात आणि परीक्षेची नावनोंदणी करतानाच तो अर्ज द्यावा लागतो. दृष्टिहीनांसाठी आणि कर्णबधिरांसाठी वेगळे एकात्मता वर्गही आहेत. उलट ज्याला बोलताच येत नाही, त्याचा रस्ता या परीक्षेच्या रचनेतच बंद होतो. डॉक्टरांच्या पत्राने नेमके त्याच भागावर बोट ठेवले पाहिजे.

समाजाच्या माहितीची चाचणी तुलनेने सोपी आहे. ३३ प्रश्न, चार पर्याय, ६० मिनिटे, आणि १५ बरोबर आले की पुरते. प्रश्नसंच आधी पाहायला मिळतो. भाषेतून सूट मिळाली म्हणजे ही चाचणीही आपोआप माफ झाली असे समजू नये. पत्रात तिच्यासाठी वेगळे वाक्य हवे.

आता पैशांची बाजू, जिथे घोळ जास्त होतो. पहिली गोष्ट, सगळी सरकारी मदत उदरनिर्वाहाच्या आड येत नाही. बाल-भत्ता आड येत नाही. स्वतःच्या हप्त्यांतून उभे राहिलेले लाभ, जसे काम करण्याची क्षमता गेल्यावरची पेन्शन किंवा शुश्रूषा विम्याचा भत्ता, हेही आड येत नाहीत. ज्यांचे घर एवढ्यावर चालते त्यांना वाक्य ६ ची गरजच पडत नाही. उगीच सूट मागून ते स्वतःचा अर्ज अवघड करून घेतात.

ज्यांना खरोखर सामाजिक साहाय्य घ्यावे लागते, त्यांनी ते कुठून येते हे पाहावे. जॉबसेंटरकडून मिळणारी मदत ही दिवसाला किमान तीन तास काम करू शकणाऱ्यांसाठी असते. सामाजिक कायद्याच्या बाराव्या खंडाखालची मदत काम करण्याची क्षमता कायमची गेलेल्यांसाठी आणि वृद्धांसाठी असते. एखादी व्यक्ती जॉबसेंटरच्या यादीत आहे आणि परवान्याच्या अर्जात मात्र ‘आजारामुळे अजिबात काम करू शकत नाही’ असे लिहिते, तेव्हा तिचे स्वतःचेच दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात. अर्जाच्या आधी जॉबसेंटरकडे वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. क्षमता तीन तासांखाली असल्याचा निष्कर्ष निघाला की मदतीचे कार्यालय बदलते आणि तोच अहवाल परवान्याच्या अर्जाला जोडता येतो. क्षमता तीन ते सहा तासांची असेल तर गणित नाजूक होते. तेवढ्या तासांत घर का चालत नाही, हे आकड्यांनी दाखवावे लागते.

पेन्शनच्या ६० महिन्यांसाठी जर्मन पेन्शन विमा संस्थेकडून ‘फेरझिखरुंग्सफेरलाउफ’ हा विम्याचा संपूर्ण उतारा मागवावा. तो विनामूल्य मिळतो आणि त्यात अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त महिने निघतात. दिव्यांगांच्या कार्यशाळेत काम करणाऱ्यांचे हप्ते भरले जातात. मिळणारे वेतन अगदी तुटपुंजे असले तरी ते महिने धरले जातात. जोडप्यात एकाचे ६० महिने भरले असतील तर उपकलम ३ नुसार दुसऱ्यालाही ते चालतात.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण हा भार बहुतेक घरांत आईवर किंवा पत्नीवर पडतो. वाक्य ३ आणि ६ ची सूट आजारी व्यक्तीची आहे, तिची काळजी घेणाऱ्याची नाही. पण रुग्णाला शुश्रूषेची श्रेणी २ किंवा त्यावरची मिळालेली असेल, काळजी घेणारी व्यक्ती आठवड्यात किमान दोन दिवस मिळून दहा तास शुश्रूषा करत असेल आणि बाहेर ३० तासांपेक्षा जास्त नोकरी करत नसेल, तर शुश्रूषा विमा निधी तिच्या नावावर पेन्शनचे हप्ते भरतो. त्यासाठी निधीकडून येणारी प्रश्नावली भरून परत पाठवावी लागते. ती फॉर्मांच्या गठ्ठ्यात पडून राहते आणि आईच्या नावावरची दोन-तीन वर्षे वाया जातात. शिवाय घरच्या शुश्रूषेमुळे नोकरीत पडलेला खंडही ६० महिन्यांच्या हिशेबात धरावा, असे अट क्रमांक ३ मध्येच म्हटले आहे.

मुलांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. कुटुंबासोबत आलेल्या आणि सोळावा वाढदिवस होईपर्यंत पाच वर्षे परवाना असलेल्या मुलाला कलम ३५ नुसार कायम परवाना मागता येतो. या टप्प्यावर भाषेचे प्रमाणपत्र आणि पेन्शनचे महिने लागत नाहीत. सामाजिक साहाय्य घेत असल्याचा मुद्दा निघाला तरी अपंगत्वामुळे ते अपरिहार्य असेल, तर उपकलम ४ तो मुद्दा बाजूला ठेवते. तेव्हा सोळावे पूर्ण होताच अर्ज करावा. अठरानंतर आणखी एक पेच येतो. बौद्धिक अपंगत्व कितीही तीव्र असले, तरी जर्मनीत अठरा वर्षांच्या व्यक्तीसाठी आई-वडिलांची सही आपोआप चालत नाही. न्यायालयाकडून ‘बेट्रॉयुंग’, म्हणजे कायदेशीर सांभाळकर्त्याची नेमणूक करून घ्यावी लागते. तिला काही महिने लागू शकतात, म्हणून सतराव्या वर्षीच स्थानिक न्यायालयात अर्ज द्यावा. आपल्याकडची ‘आम्ही पालक आहोत ना’ ही समजूत तिथे पहिल्याच कागदावर अडते.

अर्ज लिहिताना कलम ९, उपकलम २, वाक्य ३ आणि ६ यांनुसार अटी वगळाव्यात, असे स्पष्ट शब्दांत लिहा. कोणत्या अटीसाठी कोणता कागद जोडला आहे हे एका पानावर मांडा. काही ठिकाणी ऑनलाइन अर्ज भाषेच्या प्रमाणपत्राशिवाय पुढे जात नाही. तिथे त्या जागी डॉक्टरांचे पत्र आणि हे पान एकत्र करून चढवावे. शेजारीच ‘युरोपीय संघातील दीर्घ वास्तव्य’ या परवान्याचा चौकोन असतो. त्यात भाषेची सूट आहे, पण उदरनिर्वाहाची नाही. त्यामुळे सामाजिक साहाय्यावर असणाऱ्यांनी तो निवडू नये. हातातला परवाना संपण्याच्या आधी अर्ज पोचला पाहिजे. शुल्क ११३ युरो आहे, आणि आर्थिक परिस्थिती दाखवून ते कमी किंवा माफ करण्याची विनंती करता येते.

खिडकीवर कोणी ‘बी-वनशिवाय होत नाही’ असे तोंडी सांगितले तर अर्ज मागे घेऊ नका. कारणांसह लेखी निर्णय मागा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच जाता येत नाही. लेखी नकारावर एका महिन्यात हरकत किंवा थेट न्यायालयात दावा करता येतो. यांपैकी काय, हे राज्यागणिक बदलते आणि निर्णयाच्या शेवटी छापलेले असते. सबळ कारणाशिवाय तीन महिने काहीच उत्तर आले नाही, तर निष्क्रियतेविरुद्ध दावा करण्याची तरतूद आहे. उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयातून ‘बेराटुंग्सहिल्फेशाइन’, म्हणजे सवलतीच्या कायदेशीर सल्ल्याचा दाखला घ्यावा. मग वकिलाचा पहिला सल्ला १५ युरोत होतो. कारितास, डियाकोनी, आवो या समाजसेवी संस्थांची स्थलांतर सल्ला केंद्रे आणि दिव्यांगांसाठीची ‘ईयूटीबी’ केंद्रे विनामूल्य आहेत. आपल्या लोकांचे तिथे जाणे फार कमी आहे. पुण्या-मुंबईतल्या एजंटाला फोनवर विचारून निर्णय घेतले जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

‘पीआर कशाला, थेट नागरिकत्वच घेऊ’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक बदल सांगितला पाहिजे. नागरिकत्व कायद्यात भाषेची सूट आजार, अपंगत्व आणि वार्धक्य या तिन्ही कारणांनी मिळते. वार्धक्य हा शब्द कलम ९ च्या वाक्य ३ मध्ये नाही, हेही ध्यानात ठेवावे. पण उदरनिर्वाहाबाबत २७ जून २०२४ पासून नागरिकत्वाचा रस्ता अरुंद झाला आहे. स्वतःचा दोष नसताना सामाजिक साहाय्य घ्यावे लागणाऱ्यांना पूर्वी जो हक्क होता, तो काही मोजके गट वगळता काढून टाकला गेला. दिव्यांगांना आता अधिकाऱ्याच्या विवेकाधीन कलमाकडे जावे लागते. हे अन्यायाचे आहे असे आमचे मत आहे. कलम ९ ची दोन वाक्ये मात्र तशीच आहेत, म्हणून त्यांचे मोल वाढले आहे.

परवाना हाती आल्यावर उपचारांसाठी किंवा हवापालट म्हणून दीर्घकाळ भारतात यायचे असेल, तर आधी कार्यालयाला लिहून मुदत वाढवून घ्यावी. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास परवाना आपोआप रद्द होतो आणि आजारपण हे कारण मागाहून सांगून भागत नाही. बाराव्या खंडाखालची मदत तर चार आठवड्यांनंतरच थांबते.

आपल्या वृत्तपत्रात परदेशी नोकरीविषयक मजकुरासोबत पीआरच्या अटींची चौकट येते. पुढच्या वेळी त्या चौकटीत ‘आजार वा अपंगत्व असल्यास कलम ९, उपकलम २, वाक्य ३ व ६ पाहावे’ एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती.

आपले,
जर्मनीत स्थलांतर-सल्ल्याचे काम करणारे काही मराठी कार्यकर्ते